तुम्ही मला बसवलंत त्या दिवसाबद्दल

सर, शुक्रवारी तुम्हाला उचललं तेव्हा खांदा कोणी द्यायचा हे ठरवावं लागलं नाही. आपले जुने चारही बॅक न बोलता पुढे झाले. पण डावीकडचे दोघे उंच आणि उजवीकडचे दोघे बुटके, त्यामुळे तिरडी एका अंगाला कलली. फुलचूरच्या वळणावर जगदीश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर होते, तो हाइट देखके लगाते." मला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. जगदीशचंही तेच झालं. तो आता सरकारी नोकरीतला माणूस, पोट सुटलेलं, कानापाशी केस पिकलेले. पण तुमच्यामागे चालताना तो पुन्हा आपला गोलकीपर झाला होता.

येत्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. जुनी पोरं जमली आणि त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, "हेमराज मास्तर आहे, तोच लिहीन. दोन पानं पुरेत." किती वर्षं टीम चालवली, किती कप आणले, किती पोरं नोकरीला लागली, असं सगळं त्यात यावं म्हणाले. मी कागद घेऊन बसलो. 'दिवंगत वामनराव बोरकर यांनी फुटबॉलच्या क्षेत्रात' एवढं लिहिलं आणि थांबलो. हे कोणाबद्दल चाललं आहे तेच मला कळेना. कपांचा आकडा तुम्हालाही माहीत नव्हता. तुमच्या घरात एकही कप नाही. त्या मोसमात जो सगळ्यात कमी खेळला असेल त्याच्या घरी कप पाठवायची तुमची रीत होती. कोणी काऊन विचारलं तर म्हणायचात, "खेळणाऱ्याले आठवण राहते. बसणाऱ्याले काहीतरी पाहिजे ना."

म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि आता तुमच्याशीच बोलतो आहे.

जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी मी गोंदियाच्या कॉलेजात आलो. गाव आमगावच्या पलीकडे, घरी धानाची शेती. सकाळच्या पॅसेंजरने यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. मैदानावर एक सडपातळ माणूस अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभा असायचा, केसांत आणि भुवयांवर धानाच्या कोंड्याची बारीक पांढरी धूळ. तुम्ही राइस मिलमध्ये फिटर होतात. चारला पाळी सुटली की सायकल तशीच मैदानावर आणायचात. मिलमध्ये सगळे तुम्हाला मिस्त्री म्हणत. कुठल्याच शाळेत शिकवलं नसताना मैदानावर मात्र तुम्ही सर. आपल्या क्लबाला रीतसर नाव होतं, पण गावात कोणी ते घेत नसे. मिस्त्रीची टीम, एवढंच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्याइतका चांगला फॉरवर्ड जिल्ह्यात नाही अशी माझी खात्री होती. पहिल्या दिवशी चार जणांना चकवून गोल मारला आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. जाताना म्हणालात, "उद्या ये." तीन आठवडे एवढंच. मी गोल मारायचो, तुम्ही म्हणायचात, उद्या ये. मग एका संध्याकाळी मला थांबवून विचारलंत, "आज दुसरा गोल मारला तेव्हा तुझ्या डाव्या हाताले कोण होता?"

मला आठवेना.

"तो नऊ वेळा धावला तुझ्यासंगं. तुले एकदाही दिसला नाही. उद्या येताना त्याचं नाव माहीत करून ये."

तो सुखदेव होता. बांधकामावर विटा वाहायचा आणि कामावरून थेट मैदानावर यायचा. दुसऱ्या दिवशी मी नाव सांगितलं तर तुम्ही फक्त मान हलवलीत. त्या मोसमात माझे अर्धे गोल सुखदेवच्या क्रॉसवर झाले. पुढे त्याच्या लग्नात मी जेवण वाढलं, माझ्या लग्नात त्याने. आमची ओळख तुम्ही कशी करून दिलीत हे आम्ही दोघं अजून लोकांना सांगतो, आणि लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

तुम्ही सगळ्यांना पूर्ण नावाने हाक मारायचात. घरी, गावात, कॉलेजात मी हेम्या होतो. तुम्ही हेमराज म्हटलंत की पाठ आपोआप ताठ व्हायची.

तुमसरला आपण पाच गोलांनी हरलो तो दिवस जगदीश परवा पुन्हा सांगत होता. परतीच्या एसटीत तो मागच्या बाकावर एकटा बसला होता. त्याच्याशी बोलायची कोणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. तुम्ही पुढून उठलात, गाडीच्या हेलकाव्यात दांड्याला धरत मागे गेलात आणि त्याच्या शेजारी बसलात. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तुम्ही डोळे मिटलेत आणि थोड्या वेळाने तुमचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं. झोप खरी होती की खोटी ते आजवर ठरलेलं नाही. जगदीश म्हणतो, "मैं गोंदिया तक हिला नहीं, यार. सर उठ जाते." पुढच्या सामन्यात त्याने दोन पेनल्टी अडवल्या. ज्याच्या खांद्यावर माणूस झोपतो त्याच्यावर तो रागावलेला नसतो, हे त्या पोराला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला नागऱ्यापर्यंत पळवायचात. स्वतः सायकलवर, सगळ्यांच्या मागे, जो सगळ्यात हळू पळतो त्याच्या वेगाने. नागऱ्याला पोचलो की ज्यांना महादेवाचं दर्शन घ्यायचं ते बूट काढून आत जायचे, बाकीचे हापशावर तोंड धुवायचे. तुम्ही बाहेर बुटांजवळ उभे राहायचात. कोण आत गेला, कोण गेला नाही, याकडे तुम्ही कधी पाहिलं नाहीत. उशीर झाला तर घड्याळ मात्र पाहायचात.

हे सगळं आठवलं की वाटतं, किती सोपं आहे तुमच्याबद्दल चांगलं लिहिणं. पण सर, तुमचं गप्प राहणं सगळ्यांना मोठेपण वाटायचं, मला ते नेहमी तसं वाटलं नाही. कधीकधी त्याचा राग यायचा. माणसाने ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्यालाही उलट बोलता येतं. तुमच्यापुढे उलट बोलायला जागाच नसायची. परवा काकू बायांमध्ये बसल्या होत्या, तेव्हा त्याही हेच म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला. दर दोन दिवसांनी मले वाटे, रागावले का काय. मंग मीच विचारू, तं म्हणत, नाही वो, मी तं बॉलच्या ब्लॅडरचा विचार करून राहिलो." बाया हसल्या आणि काकू हसता हसता पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या.

आता त्या दिवसाकडे येतो. तो टाळून हे लिहिता आलं असतं तर मी टाळला असता.

तुमची आणखी एक रीत होती. कोणाला उद्याच्या सामन्यात बाहेर बसवायचं असेल तर आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगायचं. यादी मैदानावर वाचून दाखवायची नाही, कोणाकरवी निरोप पाठवायचा नाही. पोरं म्हणायची, सरांची सायकल गल्लीत दिसली की समजायचं, उद्या बेंच. तीन मोसमांत ती माझ्याकडे कधी आली नव्हती.

त्या वर्षी स्पर्धेचा अंतिम सामना गोंदियालाच होता आणि नागपूरहून एका सरकारी खात्याच्या संघाचे दोन निवडकर्ते तो पाहायला येणार होते. खेळाडूंच्या कोट्यातून त्यांना दोन जागा भरायच्या होत्या. जगदीशचं आणि माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, आणि ते तुम्हीच पोचवलं होतं. घरी तीन एकर धान आणि मागे दोन बहिणी. बाबांनी ही गोष्ट साऱ्या गावाला सांगून टाकली होती. सामन्याच्या आठ दिवस आधी उपांत्य सामन्यात उडी मारून खाली येताना माझा डावा गुडघा मुरगळला. मी कोणाला सांगितलं नाही. आईकडून हळद-तेल लावून घ्यायचो, पट्टी बांधायचो आणि वरून लांब पँट घालून सरावाला यायचो. बॉल उजव्याच पायाने घ्यायचो. मला वाटलं, जमलं.

सामन्याच्या आदल्या दुपारी आम्ही खळ्यात होतो. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती. बांधावरून एक माणूस येताना दिसला, अर्ध्या बाह्यांचा सदरा. सायकल नव्हती. गाडीने आमगावला उतरून तिथून तुम्ही पायी आला होतात. तुम्ही खळ्यात पोचायच्या आधीच मला कळलं होतं.

बाबांनी खाट टाकली. तुम्ही बसलात, पीक कसं आहे ते विचारलंत. मग माझ्याकडे वळलात.

"हेमराज, उद्या तू बसशीन."

"काऊन?"

"गुडघा."

"गुडघ्याले काही नाही झालं, सर."

"मंग उकिडवा बस, अन् हात न लावता ऊठ."

मी बसलो. उठताना हात आपोआप खाटेच्या माच्याकडे गेला. तो मी ओढून घेतला, पण तुम्ही पाहिलं होतं.

"उद्या ते लोक येऊन राहिले. तुमाले मालूम आहे ना."

"मालूम आहे."

"मंग?"

"मालूम आहे म्हणूनच सोता आलो."

"पट्टी बांधून खेळतो. नाही तं शेवटची वीस मिनिटं उतरवा."

"नाही."

बाबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "मिस्त्रीजी, पोराचं नशीब आहे हे. तुमी कायले मधात येता?"

तुम्ही खाली पाहिलंत आणि म्हणालात, "पायही त्याचाच आहे, दादाजी. तो गेला तं दुसरा नाही भेटत."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. बाबांना आणि मला रोजच्या कपांत, तुम्हाला कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या पितळी पेल्यात. तुम्ही बौद्ध. आमच्या घरात तेव्हा हे असं चालायचं, आणि मी लहानपणापासून पाहत आल्याने त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तुम्ही पेल्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. मी मान वळवली. माझ्यासाठी आमगावहून उन्हात चालत आलेला माणूस माझ्या अंगणात वेगळ्या पेल्यातून चहा प्याला आणि मी माझ्या गुडघ्याचा राग धरून बसलो होतो. चहा संपवून तुम्ही पेला स्वतः हापशावर नेऊन धुतलात, उपडा घातलात आणि गेलात. आई आता नाही. तिला त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. तुम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी आपण एका गोलाने हरलो. मी बेंचवर, तुमच्यापासून तीन माणसं सोडून. माझ्या जागी खेळलेल्या पोराने समोरासमोर दोन संधी घालवल्या. जगदीशने मात्र तो दिवस असा खेळून काढला की निवडकर्ते सामना संपायच्या आधीच त्याचा पत्ता लिहून घेऊन गेले. माझ्याबद्दल त्यांनी विचारलं असेल तर तुम्ही सांगितलं असेल, दुखापत आहे. जगदीशला कोट्यातून नोकरी लागली. दुसरी जागा दुसऱ्या गावच्या कुणाला तरी गेली. आणि पंधरा दिवसांत माझा गुडघा बरा झाला. पूर्ण बरा. पंधरा दिवसांनी मी गावच्या मैदानात हात न लावता उठत होतो, बसत होतो.

सामना संपल्यावर लोक पांगले. तुम्ही गोलची जाळी सोडत होतात. तुमची संघमित्रा दहाएक वर्षांची असेल, बॉलच्या पोत्यावर बसली होती. मी तुमच्याजवळ आलो आणि जे बोललो ते अजूनही कोणाला सांगितलेलं नाही. म्हणालो, "तुमाले पोरगा असता अन् त्याची नोकरी असती, तं बसवला असता का?"

तुमचा हात जाळीच्या गाठीवर थांबला. मग तुम्ही ती गाठ सोडलीत, मग पुढची. संघमित्रा माझ्याकडे पाहत होती. मी निघून गेलो.

शुक्रवारी तुम्हाला अग्नी तिनेच दिला. ती आता तिरोड्याला नर्स आहे. पांढरी साडी, हात स्थिर. भंतेजी त्रिशरण म्हणत होते तेव्हा तिच्या आवाजात कंप नव्हता. नंतर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही थोडं पाणी प्या." तिला ते वाक्य आठवतं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य नाही.

त्या सामन्यानंतर चार वर्षं मी मैदानाकडे फिरकलो नाही. नागपूरला राहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आमगावच्या एका खाजगी शाळेत लागलो. आधी तासिकेवर, मग कायम. गोंदियाला कामासाठी यायचो तेव्हा मैदानाचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने जायचो. एकदा बाजारात तुमची सायकल दुरून दिसली आणि मी एका कापडाच्या दुकानात शिरलो, नको असलेल्या शर्टाचं कापड पाहत उभा राहिलो.

मग शाळेने मुलींचा फुटबॉल संघ काढायचं ठरवलं आणि तो माझ्या गळ्यात पडला. अठरा मुली, त्यांतल्या सोळा जणींनी बूट कधी घातलेले नव्हते. मी ओरडायचो, त्या रडायच्या. दोन महिन्यांत नऊ उरल्या. एका शनिवारी दुपारी मी फुलचूरला तुमच्या दारात उभा राहिलो. मनात चार वाक्यं जुळवून आणली होती. तुम्ही अंगणात सायकलची चेन बसवत होतात. वर पाहिलंत आणि म्हणालात, "ये हेमराज. चहा घेशीन?" मी जुळवून आणलेलं सगळं तिथेच राहिलं. चहा पिताना मी मुलींचं सांगितलं. तुम्ही एकच विचारलंत, "ज्या सोडून गेल्या त्याईच्या घरी जाऊन आला का?"

मी गेलो नव्हतो. पुढच्या आठवड्यात गेलो. सहा जणी परत आल्या.

मिलमधून निवृत्त झाल्यावर तुम्ही दर शनिवारी पॅसेंजरने आमगावला यायला लागलात. मी बोलावलं नव्हतं, तुम्हीही येतो म्हणून सांगितलं नव्हतं. शाळेच्या मैदानाच्या कडेला पळसाखाली खुर्ची टाकून बसायचात. मुली तुम्हाला आजोबा म्हणायच्या. दुसऱ्या शनिवारपर्यंत तुम्हाला पंधराही जणींची पूर्ण नावं पाठ होती, माझी तीन महिने गफलत व्हायची. तुम्ही मला कधी काही शिकवलं नाहीत. सराव संपला की स्टेशनपर्यंत मी सोबत चालायचो आणि तुम्ही मध्येच एखादं वाक्य बोलायचात. "ती उंच पोरगी बॉल आला की डोळे मिटते." किंवा "आज तू दोनदाच ओरडला." ती वाटचाल माझ्या आयुष्यातली चांगली वेळ होती, सर. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. इतकं सोपं होतं, तरी सांगितलं नाही.

त्या पाच-सहा वर्षांत आपण हजार गोष्टींवर बोललो, त्या सामन्यावर कधीच नाही.

एकदाच जवळून गेलो. प्रणाली, आमच्या संघातली सगळ्यात चांगली मुलगी, विभागाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी घोटा सुजवून बसली. दुसऱ्या दिवशी चांगला खेळ झाला तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिचे वडील मजुरी करणारे, ते माझ्याकडे नुसते पाहत होते. मी तुम्हाला फोन लावला.

"सर, काय करू?"

तुमचा श्वास ऐकू येत होता. मिलच्या कोंड्याने तो तेव्हाच घरघरायला लागला होता. मग म्हणालात, "मले नको विचारू, हेमराज. मी एकदा ठरवलं होतं, त्याचं मलेच अजून समजून नाही राहिलं."

मी फोन ठेवला आणि प्रणालीला विचारलं, "तुला काय वाटते?" ती म्हणाली, "खेळतो ना सर. दुखन तं सांगीन." मी तिला खेळवलं. तिने पाऊण तास काढला, एक गोल केला, मग स्वतःच हात वर करून बाहेर आली. घोट्याला काही झालं नाही. ती वसतिगृहात गेली.

पुढच्या शनिवारी पळसाखाली तुम्हाला सांगितलं. तुम्ही बारीकसारीक सगळं विचारलंत, गोल कोणत्या पायाने मारला तेही. मग खरंच आनंदाने म्हणालात, "मंग बराबर केलं तू." आणि दूर मैदानाकडे पाहत राहिलात. आपला वाद मी जिंकलो होतो, सर. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं आणि मला ते तुमच्यापासून लपवून ठेवावंसं वाटलं.

मग तुमचे शनिवार थांबले. दोन जिने चढवेनात, मग स्टेशनचा पूल चढवेना, मग अंगणातली पायरी. डॉक्टर म्हणाले फुप्फुसात काही उरलं नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा यायचो. शेवटचा आलो त्याला आज तीन आठवडे झाले. दुपार होती. तुम्ही ओट्यावर खुर्चीत, मागे दोन उशा. काकूंना तुम्ही आत पाठवलंत, पाणी आणायला म्हणून, पण पाण्याचा तांब्या तुमच्या शेजारीच होता.

"हेमराज, एक विचारू?"

"विचारा ना."

प्रत्येक दोन शब्दांमागे तुम्हाला थांबावं लागत होतं. "त्या दिवशी मी चुकलो का?"

कोणता दिवस हे विचारायची गरज नव्हती. मी तुमच्या गळ्याकडे पाहिलं, तिथली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. म्हणालो, "जाऊ द्या सर. जुनं झालं."

"जुनं नाही झालं. तू सांगून नाही राहिला."

"माझं काही वाईट नाही झालं. नोकरी आहे, घर आहे."

"मी ते नाही विचारलं."

काकू आल्या. मी घड्याळ पाहिलं. गाडीला दीड तास होता. उठलो आणि म्हणालो, "निघतो सर, गाडी आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. म्हणालात, "जा. पायरी पाहून उतर."

स्टेशनवर मी तासभर बाकावर बसून होतो. फुलचूरला परत जायला वीस मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं.

आता सांगतो. हो सर, तुम्ही चुकलात. मी खेळू शकलो असतो. कदाचित आपण जिंकलो असतो, कदाचित मी आज नागपूरला असतो, आणि गुडघा गेलाही असता कदाचित. पण तो माझा होता, आणि तुम्ही मला विचारलं नाहीत. मी त्यासाठी तुमच्यावर चार वर्षं रागावलो. त्यानंतरही थोडा राग उरला, तो अजून आहे. मुलाचं बोललो ते त्याहून वाईट होतं, आणि त्याची माफी मी मागितली नाही. तरीही, ज्या कोणाच्या हाताखाली मी खेळलो, शिकलो, नोकरी केली, त्यांत मला बसवायचं म्हणून माझ्या दारापर्यंत चालत आलेला माणूस तुम्ही एकटेच.

हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तुम्ही आजारी आहात, दुखेल, असं वाटून मी तुम्हाला जपायला गेलो. तुम्हाला काय हवं आहे हे तर तुम्ही स्पष्ट सांगत होतात.

काल संध्याकाळी काकूंकडे गेलो होतो. रविवारी काय वाचणार म्हणून त्यांनी विचारलं. कप आणि वर्षं मला जमली नाहीत म्हणालो, आणि हे असं लिहिलं आहे, त्यात सर चुकले असंही आहे, तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाचत नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"वाच," त्या म्हणाल्या. "त्यायले तेच ऐकाचं होतं."